सातवा पुडा

कुरिअरवाला पोरगा पत्ता वाचतो आणि हसतो:
“बेर... शेवा? काका, बेर भेज रहे हो कि सेव?”
शेवच, बाबा. लवंगेची, तिखट,
आणि पावशेर जिरावण.
गावाचं नावच तसं, त्याला मी काय करू.

बेर म्हणजे विहीर. शेवा म्हणजे सात,
किंवा शपथ; त्यांच्या भाषेत दोन्ही एकाच मुळाला फुटतात.
आपण नाही का सात पावलं चालून शब्द देत?
तिथे अब्राहामाने सात मेंढ्या कळपातून वेगळ्या काढल्या,
राजाला म्हणाला, या साक्षीला,
ही विहीर मी खणली.
भांडण पाण्याचंच होतं.
तेहतीस वर्षं मी टाकीवर व्हॉल्व्ह फिरवला,
नर्मदा एक दिवसाआड सोडली,
मला हे कुणी समजावून सांगू नये.

सिप्पोरा गेली तेव्हा अठराची.
परदेशीपुऱ्यातून परदेशी,
असा विनोद बाबांनी केला स्टेशनवर,
आणि स्वतःच हसले नाहीत.

आता फोनवर म्हणते,
वाळू कुठली रे, वाळू शोधायला मैलभर जावं लागतं,
आमच्याकडे काचेच्या इमारती आणि गोल चौक.
नात लोकांच्या कॉम्प्युटरांना कुलपं बसवते.
तिला मराठी दोनच शब्द: पाणी, आणि पुरे.
गुरुवारी बाजारात बेदुइन बायका चीज विकतात,
त्यांच्याशी भाव करताना तोंडात “अगं बाई” येतं
आणि त्यांना ते कळतंही.
कधी भोंगा वाजतो. मग जिन्याखालच्या खोलीत,
साठ आकडे मोजायचे.

भोंगा. हा शब्द तिने बदलला नाही.
आमचा भोंगा गिरणीचा होता,
बाबांना पाळीवर बोलवायचा.
तिचा, घरात बसवतो.

परवा विचारलं तिने, एलिया, आपली विहीर आहे ना रे?
ती, जिच्यात आपण दोर सोडून
गाठी मोजायचो? तू एकवीस म्हणायचास, मी बावीस.

आहे, म्हटलं.
पाणी? आहे.
शपथ? शपथ.

ब्याण्णव सालीच बुजवली ती. सही माझी होती.
वर आता पत्र्याची शेड, शेडखाली मोबाइलवाला,
त्याच्या स्टुलाचा एक पाय कायम खचतो
आणि तो बिचारा दर पावसाळ्यात खाली पुठ्ठा सारतो.

मग ती बराच वेळ बोलली नाही.
म्हणाली, आमची पण, खरं सांगू?
अब्राहामाची म्हणून तिकीट लावून दाखवतात,
पण शिकलेली माणसं म्हणतात ती नंतरची,
पार नंतरची. कुणा भलत्यानेच खणलेली.
मी जाते तरी. दोराने झिजलेल्या दगडावर
बोटं ठेवते. खाच खरी आहे ना?
कुणीतरी ओढलंच असेल पाणी.

तिला कळलं होतं की काय, कोण जाणे.
मी विचारलं नाही. उन्हाळा फार आहे का, विचारलं.

म्हणून हे सात पुडे.
पोरगा वजन करतो, मान हलवतो:
“चार किलो की लिमिट है, काका. एक निकालना पड़ेगा।”
सात हवेत रे, सात, साक्षीला लागतात.
तो माझ्याकडे बघतो, जसा तो सगळ्याच म्हाताऱ्यांकडे बघत असेल,
आणि चिकटपट्टी लावतो सहांवर.

सातवा घेऊन मी शेडपाशी आलो.
मोबाइलवाल्याने स्टूल पुढे केलं.
पुडा फोडला, दोघांनी खाल्ली.
तिखट लागलं, पाणी मागितलं,
त्याने बाटली दिली. स्टुलाचा पाय
माझ्या वजनाने
आणखी थोडा आत गेला.